आईचा राहिलेला डोळा

१

चित्र चोरीला गेल्याची बोंब धाकट्याने सकाळी ठोकली, आणि दुपार व्हायच्या आत घरात चोरही ठरून गेला. चोर म्हणजे नर्सबाई. बाकी सगळी घरची माणसं, ही एकटीच परकी. तेव्हा चोरी हिनेच केली असणार, इतका सरळ हिशोब. वहिनीने तिची पिशवी दारातल्या फरशीवर उपडी केली होती. त्यातून निघाला एक स्वेटर, जेवणाचा डबा, कंगवा आणि मुठीत मावेल असा लाल रबरी चेंडू. माणसाच्या छातीएवढं उंच चित्र काही त्या पिशवीतून निघालं नाही, पण म्हणून वहिनीचा आवाज खाली आला असं नाही.

चिमटा आला तेव्हा नर्सबाई उकिडवी बसून आपल्या वस्तू वेचत होती.

चिमटा हे त्याचं खरं नाव नव्हे. पोलिसात असताना खात्याने ते पाडलं होतं, कारण एवढीशी गोष्ट हाती लागली की समोरचा कळवळेपर्यंत तो ती सोडत नसे. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. कलादालनाच्या संचालकबाईंनी त्याला पाठवलं होतं. प्रदर्शन तोंडावर आलेलं, आमंत्रणावर हेच चित्र छापलेलं, आणि पोलीस-पंचनाम्याची शोभा त्यांना नको होती.

"पिशवीत चित्र सापडलं का?" त्याने वहिनीला विचारलं.

"एवढं मोठं चित्र पिशवीत कसं मावेल?"

"मग ओतलीत कशाला?"

"तुम्ही चोर शोधायला आलात की आम्हाला शिकवायला?"

"शोधायलाच. पण शिकवणं मध्येमध्ये होऊन जातं," तो म्हणाला आणि वाकून चेंडू उचलून त्याने नर्सबाईच्या हातात दिला. तो तिने पिशवीत टाकला नाही. घट्ट मुठीत धरला आणि आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं.

"त्या खोलीत कोण असतं?"

"आमच्या ताई," वहिनी पटकन म्हणाली. "अंथरुणाला खिळल्यात. अर्धांगवायू. त्यांना काही विचारू नका, त्रास होतो."

ज्याला विचारू नका म्हणतात त्यालाच आधी विचारायचं, ही चिमट्याची जुनी रीत. पण आज त्याने वरच्या मजल्यापासून सुरुवात केली.

२

जिना अरुंद, वळणाचा, आणि दोन्हीकडच्या भिंती नव्याने चुना मारल्यासारख्या पांढऱ्याफेक. वर पोचेपर्यंत चिमट्याचे दोन्ही खांदे पांढरे झाले.

धाकटा त्याची वाटच बघत होता. घरातला धाकटा म्हणून धाकटा. बाहेर मात्र लाखो लोक त्याचा हात ओळखत. तो टाइमलॅप्स करायचा. समोर कोरा कागद, मागे कॅमेरा, आणि कॅमेरा आपला दर काही क्षणांनी एक फोटो काढत राहणार. दिवसभराचे सगळे फोटो एकापुढे एक पळवले की मिनिटभरात कोऱ्या कागदातून चित्र वर येतं. खिडकी, मांजर, म्हातारीचे हात, असं बरंच काही त्याने कोळशाने आणलं होतं. पण लोक वेडे झाले ते 'आई'वर. एका बाईचा चेहरा, उजवा डोळा जिवंत, आणि डाव्या डोळ्याच्या जागी नुसतीच कोरी जागा. त्या कोऱ्या जागेवर संचालकबाईंनी पानभर लेख लिहिला होता.

"काल संध्याकाळी होतं," धाकटा म्हणाला. "सकाळी बघतो तर बोर्ड रिकामा. किल्ली दोनच. एक माझ्याकडे, दुसरी खाली ताईच्या खोलीत खुंटीला. तिथे दिवसभर कोण बसतं ते तुम्हीच बघा."

"बोर्ड रिकामा दिसत नाही."

बोर्डावर मोठा कोरा कागद चिकटवलेला होता.

"तो मी नंतर लावला. दुःखावर काम हाच उपाय असतो."

सकाळी घरात चोरी आणि दुपारी नवा कागद. चिमट्याला कामसू माणसं आवडत, पण एवढी नव्हे.

खोली मात्र बघण्यासारखी होती. खिडकीला जाड काळा पडदा, दोन बाजूंना दोन दिवे, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय जिथे टेकतात तिथे जमिनीवर रंगीत पट्टीच्या फुल्या.

"पडदा कशाला?"

"ऊन सरकतं ना," धाकट्याचा चेहरा उजळला. "ढग आला, गेला, की व्हिडिओ लुकलुकतो. शिवाय सावल्या फिरताना दिसतात. दिवे एकसारखे पाहिजेत, तिकाटणं केसभर हलता कामा नये, आणि कॅमेऱ्याला त्याच्या मनाने उजेड ठरवू द्यायचा नाही. लोकांना वाटतं सोपंय."

"आणि चित्र? ते कसं सुचतं?"

"ते... आतून येतं," धाकटा म्हणाला, आणि घड्याळाकडे बघू लागला.

चिमट्याने बोर्डाखालच्या फळीवर बोट फिरवलं. काळं झालं. शेजारी एक फवाऱ्याचा डबा उभा होता, टोपीवर धुळीचा थर, सील शाबूत.

"हे काय?"

"कोळसा पक्का करायचा फवारा. तो मारला की मग चित्र पुसत नाही."

"आणि नाही मारला तर?"

"मग... जपावं लागतं."

"'आई'वर मारला होतात?"

धाकट्याने डबा उचलून मागे सरकवला. "कच्चं ठेवण्यातच मजा असते."

"इथे सही करा. मी येऊन गेल्याची."

धाकट्याने उजव्या हाताने झोकदार सही ठोकली. चिमटा जिना उतरू लागला आणि तिसऱ्या पायरीवर थबकला. कच्च्या कोळशाचं चित्र, छातीएवढं उंच, या बोळकांडीतून कोणी खाली नेलं असतं तर भिंतीला कुठेतरी काळा ओरखडा आला असता. गुंडाळून नेलं असतं तर पायरीवर भुकटी सांडली असती. त्याने खालपर्यंत एकेक पायरी वाकून पाहिली. भिंतीवर त्याच्या स्वतःच्या खांद्यांच्या खुणा होत्या, बाकी दुधासारखी स्वच्छ.

चित्र त्या खोलीतून बाहेर गेलंच नव्हतं.

३

वहिनी स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी होती. व्हिडिओचं सगळं तीच बघायची. धाकट्याचा हात आणि हिचा अंगठा, असा संसार चालला होता.

"नर्सला आजच काढून टाकतोय आम्ही," ती म्हणाली. "तुमचा तपास होईल तेव्हा होवो."

"मुद्देमाल नाही, पुरावा नाही, आणि शिक्षा तयार?"

"घरात विश्वास लागतो."

"काल विश्वास होता?"

"काल..." वहिनी अडखळली. "काल चोरी झाली नव्हती."

बोलणं बिनतोड होतं. चिमट्याने ते खिशात टाकलं आणि तो बाहेर ओट्यावर बसलेल्या नर्सबाईकडे गेला. ती रडत नव्हती. रागाने तिचे कान लाल झाले होते.

"हा चेंडू कोणाचा?"

"ताईंचा. त्यांच्या डाव्या हातासाठी. रोज दाबायला देते." तिने चेंडू त्याच्यापुढे धरला. "डॉक्टरांनी आशा सोडली होती, साहेब. मी नाही सोडली. त्यांनीही नाही. आणि काल दाबला त्यांनी! थोडाच, पण दाबला. मी ओरडत बाहेर आले, सगळ्यांना सांगितलं. वाटलं, घरात आनंद होईल."

"नाही झाला?"

"धाकटे साहेब तर पांढरे पडले. वहिनी म्हणाल्या, फार डोक्यावर चढवू नकोस त्यांना. आणि आज सकाळी मी चोर झाले." ती कडवट हसली. "हात बरा करणं हा गुन्हा असतो हे मला शिकवलंच नव्हतं कुठे."

"ताई एवढ्या जिद्दीने हात कशासाठी हलवतायत?"

"वर जायचंय त्यांना. हात आला की वर जाऊन आईचा डोळा..." नर्सबाईने ओठ मिटले. "ते तुम्ही त्यांनाच विचारा. मी वचन दिलंय."

४

ताई खाटेवर उशांना टेकून बसली होती. केस पांढरे, डावा हात मांडीवर कोणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला. पण नजर अशी की चिमट्याला आपल्या शर्टाचं तुटकं बटण आठवलं. तिने सगळी हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवली होती, आणि वर्गात शिरणाऱ्या मुलाकडे बघावं तसं ती त्याच्याकडे बघत होती.

"नर्सने काही नेलेलं नाही," ती म्हणाली. वाणी स्वच्छ होती. "हे लिहून घ्या आणि जा."

"चित्र कोणाचं होतं?"

"माझ्या भावाचं. जगाला माहीत आहे."

चिमट्याने खिशातून आमंत्रणपत्रिका काढली. "मला चित्रातलं काही कळत नाही. पण पोलिसात हस्ताक्षरं खूप बघितली. सावलीसाठी या ज्या रेघा मारल्यात ना, त्या वरून डावीकडून सुरू होतात आणि खाली उजवीकडे उतरतात. सगळ्या. उजव्या हाताने माणूस अशी रेघ मारत नाही, त्याची बरोबर उलटी पडते. तुमचा भाऊ उजव्या हाताने सही करतो, बाई. आणि तुम्ही चेंडू डाव्या हातात घेता."

ताईने पत्रिका हातात घेऊन त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "दार लोटा."

तिने सांगितलं ते असं. अर्धांगवायू झाला तेव्हा घरात तिची चित्रं पडून होती. कोणाला कधी दाखवली नव्हती. धाकटा म्हणाला, मी दाखवतो, माझ्या नावाने, घर चालेल. ती हो म्हणाली. डावा हात गेलेल्या बाईला नाव घेऊन करायचं काय होतं?

"तो कॅमेऱ्यापुढे काढतो कसा, हे नाही विचारलंत?"

"वर जाता येत नाही मला. डोक्यावर त्याची पावलं ऐकू यायची दिवसभर. मला वाटायचं, करतोय बिचारा नाटक. असेल काहीतरी कॅमेऱ्याची युक्ती." ती किंचित हसली. "लहानपणापासून त्याला चित्र येत नाही. साधा आंबा काढला तरी बटाटा व्हायचा. मीच हात धरून पुरा करायचे."

"'आई'वर फवारा का नव्हता?"

"माझी रीत आहे. काढलं की महिनाभर भिंतीवर ठेवून बघायचं. चूक दिसली की सुधारायची. मन भरलं की मगच फवारा. शेवटचे सगळे कागद तसेच कच्चे राहिले, आणि मी पडले." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "आईचा तर डोळाही राहिला. डावा. लोक म्हणे त्यात अर्थ शोधतात. अर्थ कसला? त्या सकाळी मी आडवी झाले, एवढाच."

"फोटो बघून काढत होतात?"

"आईचा फोटोच नाही. ती गेली तेव्हा हा रांगत होता, त्याला ती आठवतच नाही. लहानपणी रात्री विचारायचा, ताई, आई कशी दिसायची? म्हटलं एकदा काढून दाखवीन. त्याच्यासाठीच काढत होते. त्याला सांगितलं नव्हतं. डोळा झाला की देणार होते." तिने उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं उचलून एकेक सरळ केली. "दोन वर्षं मी हा हात त्या एका डोळ्यासाठी हलवतेय. बाकी मला काही नको. ज्याने नेलंय त्याला एवढं सांगा, चित्राला हात लावू नको. बोट लागलं तरी जाईल."

वर जमिनीवर पावलं वाजली. ताईने सवयीने छताकडे बघितलं.

एक शंका चिमट्याच्या मनात आली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपण चुकावं.

५

कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसून त्याने 'आई'चा व्हिडिओ पाहिला. मग पुन्हा पाहिला. चहावर साय धरली.

आधी कोरा कागद. थोडासा मळकट, राखी झाक असलेला. मग त्या शून्यातून एक डोळा उमटतो, पापण्यांसकट, बुबुळातल्या चकाकीसकट. मग भुवई. मग नाक, ओठ, कपाळ. धाकट्याचा हात कागदावरून फिरतो आणि हाताखालून आई वर येते. खाली लोकांनी लिहिलेलं: एक रेघही चुकत नाही, देवाचा हात आहे.

चिमटा तिथेच अडला. जो काम करतो तो चुकतो. कच्ची बाह्यरेघ नाही, खोडाखोड नाही, मोजमाप नाही. चेहऱ्याच्या आधी डोळा पुरा? हवेत खिडकी बसवून मग भिंत बांधणारा गवंडी त्याने अजून पाहिला नव्हता.

तिसऱ्यांदा पाहताना त्याने चेहऱ्याकडे बघायचं सोडलं. धाकट्याच्या चिमटीतली कोळशाची कांडी बघितली. सुरुवातीला जेवढी, शेवटीही तेवढीच. एवढं मोठं चित्र काढलं आणि कांडी झिजली नाही. मग त्याने बोर्डाखालची फळी बघितली. पडद्याने ऊन अडवलं होतं, सावल्या बांधून ठेवल्या होत्या, पण फळीचा कोपरा कॅमेऱ्यात येत होता. सुरुवातीला, कागद कोरा असताना, फळीवर काळ्या भुकटीचा आणि रबराच्या कचऱ्याचा ढीग होता. जसजशी आई भरत गेली, तसतसा ढीग कमी होत गेला. शेवटी चित्र पुरं झालं तेव्हा फळी लख्ख.

काम वाढत जातं आणि कचरा कमी होत जातो, असं जगात कुठे घडतं?

चिमट्याने फोन पालथा ठेवला. चहाचे पैसे द्यायचेही तो विसरला आणि तडक त्या घराकडे निघाला. वहिनी जिन्यात आडवी आली. तिला बाजूला सारून तो वर गेला आणि चित्रं ठेवायच्या रुंद खणांपैकी सगळ्यात वरचा त्याने ओढला.

चित्रं सगळी तिथेच होती.

६

"सगळे खाली या," तो म्हणाला. "ताईंच्या खोलीत."

धाकटा आला, वहिनी आली, नर्सबाई दाराशी उभी राहिली. चिमट्याने खणातले ते सगळे कोरे कागद खाटेच्या पायथ्याशी ठेवले, आणि सगळ्यात वर बोर्डावरून काढून आणलेला तो कोरा कागद.

"ही काय थट्टा आहे?" धाकटा म्हणाला.

"थट्टा नंतर. आधी हे घ्या." चिमट्याने कोळशाची कांडी त्याच्यापुढे केली. "एक डोळा काढा. नुसता एक. तुम्ही डोळ्यापासूनच सुरुवात करता ना?"

"माझी आत्ता मनःस्थिती नाही."

"दुपारी तर दुःखावर काम हाच उपाय होता."

कोणी हसलं नाही. धाकट्याने कांडी घेतली नाही.

"चोरी झालीच नाही," चिमटा ताईकडे वळला. सांगायला कोणीतरी दुसरं असतं तर त्याने आनंदाने सोडून दिलं असतं. "जिन्याला ओरखडा नाही, कारण खाली काही आलंच नाही. तुमच्या भावाला चित्र काढता येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. पण पुसता येतं. पुसायला काय लागतं? त्याने तुमचं पुरं चित्र बोर्डावर लावलं, हातात कांडी दाखवायला, मुठीत रबर, आणि कॅमेरा सुरू केला. दिवसभर थोडं थोडं पुसत गेला. संध्याकाळी कागद कोरा. मग ते फोटो उलटे पळवले. लोकांना दिसलं की कोऱ्या कागदातून चित्र येतंय."

ताईचा चेहरा हलला नाही.

"पक्क्या केलेल्या चित्रांचा त्याला उपयोग नव्हता, ती पुसली जात नाहीत. म्हणून फवारा बंदच राहिला. तुमची कच्ची राहिलेली सगळी गेली, एकेका व्हिडिओला एक. गाडं अडलं ते कलादालनाने मूळ चित्र मागितलं तेव्हा. आणि काल तुम्ही चेंडू दाबलात. आज ना उद्या तुम्हीही मागितलं असतंत. एका चोरीत दोन्ही प्रश्न सुटत होते, वर हात बरा करणारी बाईही घराबाहेर जात होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच."

"खोटं आहे!" वहिनी ओरडली. "पुरावा काय?"

चिमट्याने बोर्डावरचा कागद उचलला, खोलीतला दिवा मालवला आणि विजेरी कागदाच्या कडेने तिरपी धरली. कोळसा गेला होता, पण कागदाला हात लक्षात होता. जिथे जिथे ताईने दाबून रेघ ओढली होती, तिथे बारीक चर पडले होते, आणि तिरप्या उजेडात ते सगळे जागे झाले. कपाळ, हनुवटी, एक डोळा.

"चित्रकार असता तर त्याने हा कागद आधी जाळला असता," चिमटा म्हणाला. "याच्या लेखी पुसलं की संपलं."

नर्सबाईच्या तोंडून हुंदका निघाला. धाकटा भिंतीला टेकला.

"घर चालवायचं होतं ताई," तो म्हणाला. "तुझी औषधं, ही नर्स, सगळं त्याच्यावरच तर... आणि काही गेलेलं नाही. फोटो आहेत. मोठी प्रिंट काढून देतो, तिच्यावर कर तुझा डोळा पुरा."

"प्रिंटवर कोळसा बसत नाही रे," ताई म्हणाली. अगदी मऊ आवाजात, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं. मग चिमट्याला म्हणाली, "तो व्हिडिओ सरळ लावून दाखवता?"

"बाई, नको."

"लावा."

चिमट्याने व्हिडिओ शेवटाकडून सुरुवातीकडे चालवला आणि फोन तिच्यापुढे धरला. आईचं कपाळ गेलं. केस गेले. ओठ गेले, मग नाक. धाकट्याचा हात फिरत राहिला आणि खाली ढीग वाढत राहिला. कागदावर बराच वेळ एकटा डोळा उरला, आणि मग तोही गेला.

"डोळा शेवटी का ठेवलास?" ताईने विचारलं.

धाकटा खाली बघत होता. "व्हिडिओला सुरुवात चांगली मिळते."

ताईने मान हलवली, बरोबर उत्तर आलं तशी. मग वहिनीकडे वळून म्हणाली, "त्या बाईची पिशवी तू ओतलीस ना? आता तुझ्या हाताने भरून दे. ती कुठेही जाणार नाही. आणि साहेब, तक्रार लिहून ठेवा. मी अंगठा देते. पण आत्ता देऊ नका कोणाला. मी सांगेन तेव्हा."

"सांगणार कधी?"

"ते याच्यावर आहे," ती म्हणाली, आणि भावाकडे बघून हसली. ते हसू बघून चिमट्याला वाटलं, तुरुंग परवडला असता.

७

काही आठवड्यांनी चिमटा चौकशीला म्हणून गेला. मधल्या काळात प्रदर्शन रद्द झालं होतं. ताईच्या हुकमाने धाकट्याने तो व्हिडिओ सरळ करून लोकांपुढे टाकला होता, खाली सगळी कबुली लिहून. पण खाली लिहिलेलं कोण वाचतं? लोकांना हाही आवडला. काय कल्पना आहे, म्हणाले. विरहाचं इतकं सुंदर चित्रण पाहिलं नव्हतं.

दार नर्सबाईने उघडलं आणि काही न बोलता आतल्या खोलीकडे बोट केलं.

बोर्ड आता खाली आला होता. त्यावर तोच कागद, चर पडलेला. समोर स्टुलावर धाकटा, हात कोपरापर्यंत काळे, दाढी वाढलेली. मागे तिकाटण्यावर कॅमेरा टिकटिक करत फोटो काढत होता. ताई खुर्चीत बसून डाव्या हाताने चेंडू दाबत होती. चेंडू आता चांगला आत जात होता. कागदावर एक वेडावाकडा चेहरा होता, कोणाचाच नसलेला.

"पूस," ताई म्हणाली.

धाकट्याने फडका उचलला आणि पुसलं. कांडी घेऊन पुन्हा सुरुवात केली.

"किती दिवस चाललंय?" चिमट्याने दाराशी हळूच विचारलं.

"रोज," नर्सबाई म्हणाली. "जेवायला उठवतात. कागदावर आई आली की तुम्हाला तक्रार फाडायला सांगीन, म्हणाल्यात."

"पण त्याला फोटो बघून..."

"फोटो बघायचा नाही. तशी अट आहे."

"आणि त्या स्वतः? हात तर आलाय."

नर्सबाईने खांदे उडवले. तिच्या डोळ्यांत पहिल्या दिवशीचा राग नव्हता, भीती होती. "मीही विचारलं. म्हणाल्या, आता कोणासाठी काढू?"

आत धाकट्याने नाकाची रेघ ओढली, थांबला, आणि वळला. सहा वर्षांच्या मुलाच्या आवाजात तो म्हणाला, "ताई, आई कशी दिसायची एवढं तरी सांग ना."

चेंडू दाबणारी बोटं थांबली. क्षणभर चिमट्याला वाटलं, आता ती सांगेल.

"तू बघितलीयस की," ताई म्हणाली. "अख्खा दिवस. हाताच्या अंतरावरून."

धाकट्याने तोंड झाकून घेतलं. गालांवर काळे पंजे उमटले. कॅमेऱ्याने तेही टिपलं.

"रडून झालं की पूस," ताई म्हणाली, आणि तिने चेंडू पुन्हा दाबला.